सात किलोंचा हिशोब: फक्त केबिन बॅग घेऊन प्रवास करताना

केबिन बॅगेत जागा पुरणार नाही याची सगळ्यांना धास्ती असते. माझा अनुभव उलटा आहे: जागेच्या आधी वजन संपतं. 55 × 40 × 20 सेंटिमीटरच्या बॅगेचं बाहेरून आकारमान 44 लिटर होतं. एवढ्यात कपडे, लॅपटॉप आणि बूट नीट बसवले की काटा सहज नऊ-दहा किलोंवर जातो. पुष्कळ विमान कंपन्यांची मर्यादा 7 किलो असते, काहींची 8 किंवा 10. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्या वजनाकडे बघत नाहीत, माप मात्र बघतात.

म्हणून सुरुवात तिकिटापासून. प्रवासात दोन-तीन कंपन्यांची विमानं असतील तर त्यातला सगळ्यात कडक नियम मी पूर्ण प्रवासासाठी धरते. सगळ्यात स्वस्त तिकिटावर अनेकदा वरच्या कप्प्यातली बॅग मिळतच नाही, फक्त सीटखाली बसणारी छोटी पिशवी चालते. तिचं माप 40 × 30 × 20 च्या आसपास असतं. हे तिकीट काढतानाच वाचावं, कारण गेटवर भरावे लागणारे पैसे आधी भरलेल्यापेक्षा बहुधा बरेच जास्त असतात.

बॅगेचं माप चाकं आणि मूठ धरून घ्यायचं. विकताना सांगितलेलं माप कधी कधी नुसत्या खोक्याचं असतं, चाकांचे तीन-चार सेंटिमीटर त्यात नसतात. बॅग भरल्यावर पुन्हा एकदा मोजावी. लांबी-रुंदी बदलत नाही, पण पुढचा खिसा फुगतो आणि 20 ची जाडी 24 होते. गेटवर बॅगेचं माप बघायच्या चौकटीत बॅग अडते ती इथेच. जाडी वाढवणारी जादा झिप असेल तर ती बंदच ठेवायची.

ट्रॉली की सॅक, यात माझं मत पक्कं आहे. चाकांची बॅग रिकामीच अडीच ते साडेतीन किलोंची असते. 35-40 लिटरची साधी सॅक सव्वा ते दीड किलोत येते. मर्यादा 7 किलोंची असेल तर हा फरक म्हणजे जवळजवळ सगळे कपडे. पाठीचा त्रास असेल तर ट्रॉलीच घ्यावी, पण मग लॅपटॉप खरंच हवा आहे का, ते ठरवावं लागतं.

यानंतर स्वयंपाकघरातला काटा काढते आणि न्यायची प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये लिहून काढते. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा केलं की यादी कायम उपयोगी पडते. माझी ढोबळ वाटणी अशी: सॅक 1.3 किलो, लॅपटॉप, चार्जर, केबल आणि पॉवर बँक मिळून 1.8, कपडे 2.2, अंघोळीचं आणि औषधांचं सामान 0.6, हलक्या चपला 0.4, किरकोळ 0.4. बेरीज 6.7. उरलेले 300 ग्रॅम मुद्दाम मोकळे ठेवते, कारण घरचा आणि विमानतळावरचा काटा तंतोतंत जुळेलच असं नाही.

वजन कुठे लपतं हे यादी झाल्यावर दिसतं. जीन्स सहाशे ते आठशे ग्रॅमची असते. प्रत्येक उपकरणाचा वेगळा चार्जर नेला तर अर्धा किलो तिथेच गेला. त्याऐवजी दोन-तीन पोर्टचा एकच चार्जर घ्यावा, फक्त लॅपटॉपला पुरतील एवढे वॅट तो देतो ना, ते त्यावर छापलेलं वाचून घ्यावं. हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या पिशव्यांच्या मोहात पडू नये. त्या जागा वाचवतात, वजन एका ग्रॅमनेही कमी करत नाहीत. उलट मोकळी जागा दिसली की आणखी चार कपडे आत जातात, आणि बाहेर काढल्यावर सगळ्याला इस्त्री लागते.

कपडे किती न्यायचे हे प्रवासाच्या दिवसांवर ठरवू नये. कपडा किती तासांत वाळतो, त्यावर ठरवावं. रात्री धुतलेला कपडा सकाळी घालता आला तर पाच दिवस आणि पाच आठवडे यांचं सामान सारखंच होतं. कपडा पारखायची माझी पद्धत अशी: संध्याकाळी तो धुऊन, पंखा न लावता खोलीत वाळत घालायचा आणि सकाळी कंबरपट्टा, खिसे, काखेची शिवण चाचपायची. तिथे ओल लागली तर तो कपडा यादीतून बाद. नुसत्या कापडावरून अंदाज चुकतो. पातळ सुती शर्ट वाळतो आणि जाड शिवणीची पॉलिस्टरची पँट ओली राहते, असंही होतं. पॉलिस्टर पाणी जवळपास शोषतच नाही म्हणून लवकर वाळतं, पण घामाचा वास पटकन धरतं. मेरिनो जातीच्या मेंढीची पातळ लोकर थोडी सावकाश वाळते, पण दोन-तीन दिवस न धुता घालता येते. महाग असते आणि लवकर विरते, हेही खरं.

बॅगेत माझे एवढेच कपडे असतात: तीन वरचे, एक पँट, चार अंतर्वस्त्रं, मोज्यांचे तीन जोड, एक पातळ स्वेटर, पावसाचं हलकं जाकीट, झोपायची सैल पँट आणि एक पातळ टॉवेल. अंगावरचा जोड वेगळा. सगळे वरचे कपडे दोन्ही पँटवर शोभतील असे रंग निवडले की काम होतं. थंडीच्या ठिकाणी एक जाड कोट नेण्यापेक्षा आत घट्ट लोकरी थर, मध्ये स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट हे कमी वजनात जास्त ऊब देतं. सगळ्यात जड बूट आणि जाकीट अंगावर घालूनच निघते, अंगावरचं सहसा तोलत नाहीत.

धुण्याचं तंत्र जमलं नाही तर ही सगळी योजना कोसळते. बेसिनचं बूच अनेक ठिकाणी नसतं किंवा गळतं, त्यासाठी रबराची एक चपटी चकती जवळ ठेवते. कोमट पाण्यात थोडासा साबण, दहा मिनिटं भिजवणं, हलकं चोळणं. मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं, कारण साबण राहिला तर कपडा कडक होतो आणि अंगाला खाजतो. आता महत्त्वाची पायरी. हाताने पिळून झाल्यावर (लोकर पिळायची नाही, नुसती दाबायची) कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. टॉवेल एवढं पाणी ओढून घेतो की वाळायला लागणारा वेळ निम्म्यावर येऊ शकतो. वाळत घालताना खिसे उलटे बाहेर काढावेत आणि कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवावं. पीळ घातलेली रबरी दोरी असेल तर कपडा पिळातच अडकतो, चिमटे लागत नाहीत. धुणं मुक्कामी पोचल्याच्या दिवशी करावं, निघायच्या आदल्या रात्री नाही. दमट हवेत दोन रात्रीही लागतात, तिथे एक जोड जास्त घ्यावा.

द्रव पदार्थांचा नियम 2006 पासून आहे आणि तरीही रोज लोकांच्या बाटल्या जप्त होतात. बाटलीची क्षमता 100 मिलीलिटरपेक्षा जास्त नको. दोनशेच्या बाटलीत तळाशी वीस उरले असले तरी ती चालत नाही. अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. टूथपेस्ट, जेल, क्रीम हेही द्रवच. नवे स्कॅनर बसलेल्या काही विमानतळांवर नियम सैल झाले आहेत, पण परतीचा विमानतळ तसा असेल याचा भरवसा नाही. म्हणून शाम्पू वडीच्या रूपात आणि डिओडरंट कांडीचं नेते. विमानात हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या इतका असतो, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या बाटलीतली हवा फुगून द्रव बाहेर ढकलते. बाटली दाबून हवा काढायची आणि मगच झाकण लावायचं, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला तर आणखी बरं. सुटं ब्लेड चालत नाही, कार्ट्रिजचा रेझर चालतो. कात्रीचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून नेऊच नये.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते आणि परवानगीशिवाय मर्यादा 100 वॉट-अवरची असते. हिशोब सोपा: मिलीअँपिअर-अवर (mAh) गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले हजार. म्हणजे 20,000 ची बँक 74 वॉट-अवर. आकडा छापलेला असतो, पण घासून पुसट झाला असेल तर ती काढून घेऊ शकतात.

यातूनच एक गोष्ट येते जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. विमान भरलं की बॅग लहान असूनही गेटवर घेतली जाते आणि खाली सामानात टाकली जाते. छोट्या विमानांत वरचे कप्पे अरुंद असल्याने हे नेहमीचंच. सुटी लिथियम बॅटरी खाली जाता कामा नये. त्यामुळे पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट, किल्ल्या आणि चष्मा मी एकाच पाऊचमध्ये, सॅकच्या अगदी वर ठेवते. बॅग मागितली की पाऊच आणि लॅपटॉप काढला, झालं. हे सामान तळाशी असेल तर रांग खोळंबते आणि घाईत काहीतरी आतच राहतं.

भरण्याबद्दल थोडंच. टी-शर्टसारखे विणीचे कपडे गुंडाळायचे, शर्टाच्या घड्या घालायच्या. सॅकमध्ये जड वस्तू पाठीलगत, ट्रॉलीत चाकांकडे. कपडे भरायच्या छोट्या पिशव्या, म्हणजे पॅकिंग क्यूब, दोन पुरेत, त्यांचंही वजन असतं. लॅपटॉप आणि द्रवांची पिशवी तपासणीत एका हाताने निघेल अशी.

परतीसाठी थोडं वजन आणि थोडी जागा आधीच मोकळी सोडते, किंवा संपणाऱ्या वस्तू जाताना जास्त नेते. तान्हं मूल, औपचारिक समारंभाचे कपडे किंवा खेळाचं सामान बरोबर असेल तेव्हा हा हट्ट सोडून सरळ बॅग चेक-इन करावी. शेवटी बॅग लटकत्या काट्यावर तोलायची. तो नसेल तर माणसाच्या वजनकाट्यावर आधी बॅगेसह आणि मग बॅगेशिवाय उभं राहून वजाबाकी करायची. लटकता काटा बरोबर आहे का, ते बघायला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली लावावी: एक किलो आणि वर बाटलीचे काही ग्रॅम दाखवायला हवेत.