तुळशी भरला, विहार भरला

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत ती बातमी येतेच : तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला. सोबत सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, फेसाळत उतरणाऱ्या पाण्याचा फोटो. तो दुपारपर्यंत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरून येतो. पुढे काही दिवसांनी विहार तलावाची बातमी येते आणि मग लोक पाणीकपातीचा विषय सोडून खड्ड्यांकडे वळतात.

हिशेब मांडला तर एवढं हायसं वाटायचं कारण नाही. तुळशीची साठवण ८,०४६ दशलक्ष लिटर, विहारची २७,६९८. पालिका शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी देते. म्हणजे काठोकाठ भरलेला तुळशी अख्ख्या मुंबईला जेमतेम दोन दिवस पुरेल, विहार आठवडाभर. शहराला पाणी देणाऱ्या सातही तलावांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आणि तीत या दोघांचा वाटा मिळून अडीच टक्क्यांच्या आत. बारशाला सगळं कौतुक बाळाचं आणि घर चालवतात दुसरेच, तसा हा प्रकार. फक्त इथलं बाळ वयाने सर्वांत मोठं आहे.

विहारआधी मुंबई बेट विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आज बसच्या पाटीवर आहेत. तळी कधीच बुजली. समुद्राने वेढलेल्या बेटावर गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. उन्हाळ्यात उपसा वाढला की विहिरी आटतात, नाहीतर मचूळ होतात. वस्ती पाच लाखांच्या वर गेल्यावर हा खेळ निभणार नव्हता. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने साष्टीच्या, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेकडच्या बेटावरच्या, डोंगरात पाणी अडवून ते नळाने शहरात आणायची योजना मांडली. (कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच गृहस्थांचा.) विहारचं काम १८५६मध्ये सुरू झालं आणि १८६०मध्ये संपलं.

डोंगरच का, याची कारणं सरळ आहेत. पाणी उंचावर असलं की पंप लागत नाही, ते उताराने आपलं आपण येतं. शिवाय वरच्या अंगाला शेती नाही, गाव नाही, गुरं नाहीत, म्हणजे पाण्यात घाण कमी. आणि दरीला निसर्गानेच तीन बाजूंनी भिंती दिलेल्या असतात. मधल्या खिंडी बुजवल्या की तलाव तयार.

खिंड बुजवायची म्हणजे मातीचा भराव टाकून मोकळं व्हायचं, असं मात्र नाही. त्या काळच्या मातीच्या धरणाची रीत अशी : मधोमध पक्क्या थरापर्यंत चर खणायचा, त्यात चिकणमाती पाणी घालून, तुडवून, थरावर थर भरत वर आणायची. हा गाभा पाणी अडवतो. दोन्ही अंगांची साधी माती त्याला नुसता आधार देते. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग, म्हणजे दगड रचून अस्तर, करायचं, नाहीतर लाटा माती खरवडून नेतात. एवढं करूनही मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. देखरेख करणारा माणूस पायथ्याशी जाऊन पाझराचा रंग बघतो. पाणी नितळ असेल तर ठीक. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे, पोटात बोगदा तयार होतोय, आणि मग हातात वेळ फार थोडा असतो. म्हणूनच बांधावर झाड वाढू द्यायचं नसतं. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात. घुशींची बिळंही तेच काम करतात. फोटोत देखणी दिसणारी बांधावरची हिरवाई अभियंत्याच्या डोळ्यांत खुपते ती यामुळे.

मातीच्या धरणाचा खरा शत्रू माथ्यावरून जाणारं पाणी. दगडी धरण ते काही काळ सोसतं. मातीचं काही तासांत चिरत जातं. त्यामुळे सांडवा माथ्यापेक्षा खाली आणि पुरेसा रुंद ठेवतात. बातमीतलं ते 'ओसंडून वाहणं' म्हणजे सांडव्याने आपलं नेमून दिलेलं काम करणं.

तुळशी आला १८७९मध्ये. तो विहारच्याच डोंगरात, पण बराच वर. पूर्ण भरल्यावर तुळशीची पातळी १३९.१७ मीटर, विहारची ८०.१२. (मुंबई ही मापं स्वतःच्या खास 'टाउन हॉल डेटम'ने, म्हणजे तिथल्या ठरलेल्या शून्य पातळीपासून घेते, टाउन हॉल म्हणजे फोर्टातली ती भल्या थोरल्या पायऱ्यांची इमारत.) हा ५९ मीटरचा फरक फार मोलाचा. वीसेक किलोमीटर नळातून येताना पाणी घर्षणाने दाब गमावत येतं, त्यामुळे विहारचं पाणी सखल वस्तीत पोचलं तरी मलबार हिलच्या माथ्यावर चढायला त्याचा जोर अपुरा पडायचा. तुळशीचं पाणी पंपाशिवाय तिथे चढू शकत होतं.

सांडव्यांची साखळीही बघण्यासारखी आहे. तुळशी भरला की त्याचं जादा पाणी विहारमध्ये उतरतं. विहार भरला की ते मिठी नदीत. पुढे पवईचं जादा पाणीही तिला मिळतं आणि सगळं माहीमच्या खाडीकडे निघतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ही साखळी सगळ्या शहराला पाठ झाली. तलाव भरल्याचा आनंद मिठीकाठच्या कुर्ल्यात जरा जपूनच करतात.

तुळशी इतक्या लवकर भरतो कसा? एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तुळशीचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस वाहून त्यात येतो तो भाग, ६.७६ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर रिकामा तुळशी भरायला सुमारे १,२०० मिलिमीटर पाणी डोंगरावरून वाहून यावं लागतं. विहारचं क्षेत्र १८.९६ चौरस किलोमीटर, त्याला साधारण १,४६० लागतात. सुरुवातीचा पाऊस तापलेली जमीन पिते, तो हिशेबात धरायचा नाही. पण एकदा रान भिजलं की पडेल ते तलावात येतं आणि या डोंगरात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटर पाऊस ही नवलाई नाही. तलाव रिकामाही कधी पुरता होत नाही. विहारचं पाणी ७३.९२ मीटरपर्यंतच उपसता येतं, तुळशीचं १३१.०७पर्यंत. खालचं पाणी तोटीच्या खाली राहतं, ते साठ्यात मोजत नाहीत. पालिकेच्या साठ्याच्या तक्त्यात शून्य टक्के दिसलं तरी तळ्यात पाणी असतं.

पवईचीही बातमी येते आणि हमखास गोंधळ उडवते. १८९०च्या सुमारास तोही पिण्यासाठीच बांधला होता, पण पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. त्याचे ५४५ कोटी लिटर पिण्याव्यतिरिक्त कामांना जातात आणि सात तलावांच्या बेरजेत ते धरलेलेच नसतात.

तेव्हा जुलैतला फोटो हौसेने बघावा, पण नजर भातसावर ठेवावी. निम्मं पाणी त्या एकट्या धरणात आहे : ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. त्याच्या मागे ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, तानसा, मोडक सागर. पालिका वर्षाचा ताळेबंद १ ऑक्टोबरच्या साठ्यावर मांडते. त्या दिवशी सातही तलावांचा आकडा साडेचौदा लाखांच्या आसपास असेल तर पुढचा पावसाळा येईपर्यंत कपात सहसा होत नाही. लाखभराने कमी असेल तर जवळपास महिन्याभराचं पाणी कमी पडतं, मग जुलैत विहार कितीही थाटात वाहिलेला असो.