माझं नवं माप

पंचवटीत माझं दुकान आहे. पाटीवर ‘बुटीक’ लिहिलंय, पण काम जवळजवळ सगळं ब्लाउजचंच. कटोरी, प्रिन्सेस कट, पाठीला डोरी, अस्तराचे, बिनअस्तराचे. समोरची बाई दारातून आत आली की टेप लावायच्या आधीच छाती-कंबर अंदाजाने कळते. स्वतःचं माप ठरवताना मात्र माझी पार भंबेरी उडाली.

छाती ४४, छातीखालचा घेर ३५. ज्यांना यातलं कळतं त्यांना पुढचं सांगायला नको. खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा पडल्यात, एप्रिल-मे मध्ये छातीखाली घामाने पुरळ येतं, मशीनवर वाकून बसलं की मान धरते. मलमं झाली, पावडरी झाल्या, मानेचे व्यायाम झाले. मेन रोडवर माझ्या मापाची ब्रा मागितली की मुलगी वरच्या फळीवरचा धुळीचा खोका काढते आणि आत रंग दोनच, पांढरा आणि बदामी. स्तन लहान करायचं ऑपरेशन करायचं, हे ठरायला बरीच वर्षं गेली. ते ठरलं आणि लगेच पुढचा प्रश्न आला, लहान म्हणजे किती?

घरात प्रत्येकाकडे उत्तर तयार. सासूबाई म्हणाल्या, “अगं, भरल्या अंगाची बाईच साडीत शोभते, थोडंसंच काढायला सांग.” बहीण म्हणाली, “ताई, एवढा खर्च करतेच आहेस तर एकदाच काय ते सपाट करून टाक.” हे म्हणाले, “तुला बरं वाटेल तेवढं कर.” बोलणं प्रेमाचं, उपयोग शून्य.

पहिल्या भेटीत मी डॉक्टर मॅडमना ऐटीत सांगितलं, “मला ३६ सी करून द्या.” त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबलं असावं. असं अक्षर कोणीच लिहून देत नाही, म्हणाल्या. खरं तर हे मीच त्यांना सांगायला हवं होतं. ब्राच्या मापात आकडा छातीखालच्या घेराचा आणि अक्षर कपचं, पण सी हा काही ठरलेला आकार नाही. छाती आणि छातीखालचा घेर यांतलं अंतर साधारण एक इंच असेल तर ए, दोन इंच बी, तीन इंच सी. म्हणजे ३६ सी मध्ये जेवढं मावतं तेवढंच ३४ डी मध्ये आणि ३८ बी मध्ये मावतं. त्यात कंपनी बदलली की माप बदलतं. पाठीचा घेर ऑपरेशनने कमी होत नाही, माझा ३५ तो ३५ च राहणार. सर्जन हिशोब करतात तो ग्रॅममध्ये, एका बाजूचं किती काढायचं आणि किती मागे ठेवायचं असा.

मागे किती ठेवायचं यालाही हद्द आहे, हे मला माहीत नव्हतं. स्तनाग्र वर सरकवतात, पण ते पूर्ण सुटं करत नाहीत. आतल्या मांसाच्या एका पट्ट्यावर ते जिवंत राहतं, रक्तपुरवठा तिथूनच होतो. हाव करून फार काढलं तर तो पट्टा अशक्त होतो आणि स्तनाग्राला धोका. फारच मोठे स्तन असतील तर कधी ते सुटं काढून पुन्हा लावावं लागतं, मग त्याची संवेदना जाते आणि दूध पाजता येत नाही. साध्या पद्धतीतही दोन्ही कमी होऊ शकतं. माझी पोरं मोठी झाली, पण ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी हे आधी विचारावं. शिवाय छातीवरची स्तनाची रुंदी फारशी बदलत नाही. रुंद पाया तसाच ठेवून वरचं खूप काढलं की आकार चपटा, चौकोनी दिसतो. कागदावरची आखणी पाहिली तेव्हा मला चटकन उमगलं: स्तनाग्राभोवती गोल, खाली उभी रेघ, घडीत आडवी, उलट्या टी सारखी. मोठ्या ब्लाउजला टक्स घेऊन बसता करतात तसंच हे. टक्स फार खोल घेतले की कापड ताणतं, हे मी रोज पाहते.

घरी येऊन ब्राउन पेपरवर ब्लाउज आखले. खांदा, मुंढा, घेर माझाच, छाती मात्र ३७, ३८, ३९ आणि ४०. चारही कागद भिंतीला लावले. माझे खांदे रुंद, नितंब ४४. ३७ चा कागद त्या नितंबांवर धरला तर वरचा भाग दुसऱ्याच बाईचा वाटत होता. ४० ला मानेचा त्रास किती कमी होईल याची शंका. नजर ३८-३९ वर थांबत होती. मग काय काय करायचंय ते आठवलं. पांडवलेणीच्या पायऱ्या न दमता चढायच्या, गोदापार्कवर सकाळी भरभर चालायचं, सिटीलिंकच्या बसमध्ये दांडी धरून उभं राहताना पदर सारखा सारखा ओढायचा नाही. त्यासाठी सपाट व्हायची गरज नाही.

बहिणीसारखं मलाही कधी कधी वाटतं, सगळंच काढून टाका. ते नेमकं मे महिन्यात, लाइट गेलेली असताना. त्या दिवशी घेतलेल्या निर्णयावर मी भरवसा ठेवत नाही.

दुसऱ्या भेटीत कागद घेऊन गेले. मॅडमनी ते टेबलावर पसरून नीट पाहिले, माझे खांदे आणि छातीची रुंदी मोजली, आणि म्हणाल्या, ३९ च्या आसपास धरू, पण इंच कबूल करत नाही. डावा थोडा मोठा आहे, तिकडून जास्त काढतील, तरी दोन्ही हुबेहूब सारखे होतील असंही नाही. पुढे वजन वाढलं तर तेही वाढतील, म्हणून आत्ताचं वजन स्थिर ठेवायला सांगितलं. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली. काढलेलं मांस तपासणीला जाणार. “तंबाखू, मशेरी?” असंही विचारलं, कारण निकोटीनने रक्तपुरवठा कमी होऊन जखम भरत नाही. मी नाही लावत, पण माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या घरात मशेरीची डबी असते.

विम्याचं मात्र धरून चालू नका. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये दिसणं बदलणाऱ्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा तब्येतीला थेट धोका असेल तरच सूट. मानदुखी त्यात बसवणं अवघड.

तारीख लग्नसराई संपल्यावरची घेतली आहे. नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, हात वर ताणायचे नाहीत, दिवसरात्र सपोर्ट ब्रा. सूज उतरायला महिने जातात, म्हणून नव्या मापाचे ब्लाउज सहा महिने तरी शिवू नका, असं मॅडमनी बजावलंय. पैठणीचा एक ब्लाउज तेवढा कापून ठेवणार आहे, आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड दाबून.