गुरुवारी उघडा राहिलेला नळ

शुक्रवारी सकाळी अकराला वॉचमनचा फोन आला, "मॅडम, तुमच्या फ्लॅटमधून जिन्यात पाणी येतंय." फ्लॅट माझा नव्हता. पण किल्ली माझ्याकडे होती, त्यामुळे त्याच्या लेखी तो माझाच होता. आठ महिने झाले, तरी तो फ्लॅट त्या दिवशी नक्की कोणाच्या जबाबदारीवर होता, याचं उत्तर मला समाधानकारक मिळालेलं नाही.

मी चौदा वर्षं कोथरूड-कर्वेनगर भागात रिसेल फ्लॅटचं काम करते. बंद फ्लॅट दाखवणं हे वेगळंच काम असतं. पार्टी, म्हणजे घर बघायला येणारं गिऱ्हाईक, यायच्या अर्धा तास आधी जाऊन खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे. कमोडमधलं पाणी महिनोन्‌महिने वापर नसला की आटतं आणि घरभर वास सुटतो, म्हणून आधी बादलीभर पाणी ओतायचं. किल्लीला पत्त्याची चिठ्ठी कधीच लावायची नाही, फक्त आपल्याला कळेल असा आकडा लावायचा. आणि निघताना शेवटची फेरी मारायची: गॅस, नळ, खिडक्या, मेन स्विच. ही फेरी मी हाताखालच्या मुलींनाही घोकून घेऊन शिकवली आहे.

या फ्लॅटचे मालक, काका आणि काकू, लेकीकडे बंगळुरूला राहायला गेले होते. जाताना काका गच्चीवरचा आपल्या लाइनचा कॉक बंद करून गेले होते. बुधवारी मीच वॉचमनला सांगून तो उघडून घेतला. पाण्याचा फोर्स दाखवता आला नाही की पार्टी बिचकते. दुसऱ्या दिवशी गुरुवार आहे, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको: 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.' महापालिकेची ही सूचना आम्ही इतक्या वेळा वाचलेली असते की नजरेला ती दिसेनाशी होते. संध्याकाळपर्यंत सोसायटीची टाकी रिकामी झाली होती.

पार्टी चांगली होती. नवरा-बायको, लहान मुलगी आणि नवऱ्याचे आई-वडील. आजोबांना घर बघायचं कसं ते माहीत होतं. बोटाच्या पेराने लाद्या वाजवून पोकळ कुठे आहे ते ऐकत होते, बाथरूमच्या छताला ओल आहे का पाहत होते, प्रत्येक नळ फिरवत होते. अशी माणसं मला आवडतात, कारण ती नंतर कुरकुर करत नाहीत. मी सुनेला बेडरूमचं कपाट दाखवत असताना ड्राय बाल्कनीतून त्यांचा आवाज आला, "पाणी नाही का हो?" मी आतूनच म्हणाले, "आज गुरुवार ना, आजोबा!"

त्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ आहे, पाव फेऱ्यात उघडणारा. जुना फिरकीचा नळ घट्ट झाला की बंद झाल्याचं हाताला कळतं. हा नळ कोरडा असताना इकडे फिरवला काय नि तिकडे फिरवला काय, सारखाच लागतो. त्यांनी तो उघडा ठेवला असणार. पाहिलं कोणीच नाही.

साडेसहाला माझी कर्वेनगरला दुसरी व्हिजिट होती. मी स्वयंपाकघर पाहिलं, दोन्ही बाथरूम पाहिले. ड्राय बाल्कनीचं दार कोणीतरी ओढून घेतलं होतं, मी नुसती कडी घातली. आत डोकावले नाही. सव्वासहाला कुलूप लावलं.

शुक्रवारी दार उघडलं तेव्हा हॉलमध्ये टाच बुडेल इतकं पाणी होतं. काकांच्या घरातल्या सपाता सोफ्यापाशी तरंगत होत्या. बाल्कनीत गेले तर नळ धो धो वाहत होता. तो बंद केला, तरी पाणी हटेना. पाण्यात हात घालून मोरीची जाळी चाचपली, तेव्हा हाताला वीट लागली. विटेखाली प्लास्टिकचा कागद. घर बंद राहणार, झुरळं वर येऊ नयेत, म्हणून काका जाताना जाळी अशी बंद करून गेले होते. वीट उचलली आणि घळघळ आवाज करत बाल्कनीतलं पाणी काही मिनिटांत निघून गेलं. ती वीट नसती तर नळ रात्रंदिवस वाहिला असता तरी उंबरा ओलांडून पाणी आत आलं नसतं.

नंतर एकदा मी त्याच नळाखाली वीस लिटरची बादली लावून घड्याळ पाहिलं. अडीच मिनिटांत भरली. म्हणजे तासाला पाचशे लिटरच्या आसपास. टाकीत पाणी साडेसातला चढलं होतं, साडेतीन तासांत सतराशे लिटर.

बेडरूमचं लाकडी फ्लोअरिंग सांध्यांवर फुगून उचललं गेलं. खालच्या मजल्यावर त्याहून वाईट अवस्था होती. स्वयंपाकघराचं पीओपी लोंबत होतं, ओट्यावरची कपाटं पार्टिकल बोर्डची, ती पाणी पिऊन पावासारखी सुजली होती. खालच्या काकू एकट्या राहतात. त्यांनी आवाज चढवला नाही. माळ्यावरचा एक भिजका खोका त्यांनी ओट्यावर ठेवला आणि उघडला. आत त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे गौरींचे मुखवटे होते, शाडूचे. कनिष्ठा कोरडी राहिली होती. ज्येष्ठेचं नाक विरघळून ओठांवर आलं होतं आणि कुंकवाचा लाल रंग गालभर पसरला होता.

सुताराने आणि पीओपीवाल्याने मिळून खालच्या घराचा खर्च अठ्ठावन्न हजार सांगितला, वरचं फ्लोअरिंग एकवीस हजार. मुखवट्याचा आकडा कोणीच लिहिला नाही.

सोसायटीच्या ऑफिसात बैठक झाली. सेक्रेटरींनी पहिल्याच वाक्यात एजंटांना गच्चीचा कॉक उघडू देणार नाही असं जाहीर केलं. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण सकाळी भरत असलेल्या टाकीतून अकरापर्यंत इतकं पाणी वाहून जातं आणि तोवर कोणाच्या लक्षात येत नाही, याबद्दल तिथे एक शब्द निघाला नाही. काका फोनवर होते. विटेचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, मी विसरलोच होतो. तुला सांगायला हवं होतं." फ्लोअरिंगचे पैसे तुझ्याकडून घेणार नाही, आणि खालच्या खर्चात पंधरा हजार घालतो, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आजोबांच्या मुलाला मी फोन केला. त्याचं उत्तर असं: "नळ फिरवला असेलही, पण पाणी आलंच नाही. बंद करून घेणं तुमचं काम. बाबांना यात ओढू नका." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. हे मला अजून खुपतं. पैशासाठी नाही. आजोबांना विचारलं असतं तर ते खरं काय ते बोलले असते, अशी माझी खात्री आहे, आणि ती संधी त्यांना मिळालीच नाही.

ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, घर बघायला आलेल्याने वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळे नुकसान झालं तर तो भरपाईला बांधील असतो, पण ते शाबीत करावं लागतं. नळ कोणी उघडला, पाहिलं कोणी? माझ्याबाबतीत मात्र भारतीय करार कायदा १८७२ मधलं कलम २१२ सरळ आहे. एजंटाने त्या धंद्यात सर्वसाधारणपणे अपेक्षित असतं तितक्या कौशल्याने काम करायचं, आणि त्याच्या हलगर्जीपणामुळे मालकाचं थेट नुकसान झालं तर ते भरून द्यायचं. आणि खालच्या काकूंसारख्या तिसऱ्या माणसाला, चूक अनेकांची मिळून असेल तर, त्यातल्या कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. वाटणी आपण आपसात करायची. घराचा विमा असता तर कदाचित एवढी वेळ आली नसती. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. वर-खाली दोन्ही घरांत पॉलिसी नव्हती.

मी त्रेचाळीस हजार दिले. सौदा झाला नाही, दलाली मिळाली नाही. माझ्या धंद्यातले लोक म्हणाले, "तू कशाला दिलेस? नळ पार्टीने उघडला, वीट मालकाची." त्यांचं म्हणणं मला पटत नाही. कॉक मी उघडून घेतला होता आणि कडी मी घातली होती. पण सगळंच माझं होतं, हेही मला पटत नाही. महारेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, एजंट परीक्षेसाठी मी २०२३ मध्ये अभ्यास केला. कार्पेट एरिया, जाहिरातीवर नोंदणी क्रमांक, बिल्डरची जबाबदारी, सगळं पाठ केलं. बंद घराची किल्ली हातात घेतल्यावर काय काय अंगावर येतं, हे त्यात कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. आणि रिसेलमध्ये रोज तीच तर हातात असते.

आता मी मालकाकडून किल्ली घेताना एक पानभर लिहून घेते: कॉक चालू की बंद, मोऱ्यांच्या जाळ्यांवर काही ठेवलंय का, घराचा विमा आहे का. पार्टी बाहेर पडली की प्रत्येक नळाचा व्हिडिओ काढते, पाणी असो वा नसो. नळाला हात लावायचा असेल तर मला बोलवा, असं दारातच सांगते. काही जणांना ते आवडत नाही.

ज्येष्ठेचा मुखवटा मी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात घेऊन गेले. कारागिराने तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "नाक बसवून देतो, रंगवूनही देतो. पण ताई, चेहरा तोच येईल असं म्हणू नका." त्याने पैसे अगदी थोडे घेतले.

भाद्रपदात खालच्या काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. नवी कपाटं, नवं पीओपी, कोपऱ्यात दोघी गौरी उभ्या होत्या, अंगावर हिरव्या साड्या. मी ओटी भरली आणि वर पाहिलं. ज्येष्ठेचं नाक किंचित बसकं होतं. काकू शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "कोणाच्या लक्षात आलं नाही हं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला दिसतं."