जजसाहेब म्हणाले, वही बाहेर ठेवा

कोर्टात कॅमेरा चालत नाही हे सगळ्यांना माहीतय, म्हणून मोठी केस असली की पेपरवाले चित्रकाराला पाठवतात. सुप्रीम कोर्टातल्या घटनापीठाच्या सुनावण्या 27 सप्टेंबर 2022 पासून लाइव्ह दिसायला लागल्या, पण खाली सेशन्स कोर्टात आरोपी कसा उभा होता, साक्षीदार बोलताना कुठे बघत होता हे वाचकाला दाखवायचं तर अजून पेन्सिलच लागते. माझं रोजचं काम पेपरात अर्कचित्रं काढायचं, पुढारी, क्रिकेटवाले, नट. त्यामुळे खुनाच्या एका केससाठी मला फोर्टला पाठवलं तेव्हा मी नेहमीसारखी वही घेऊन मागच्या बाकावर बसलो. जजसाहेब आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिरस्तेदारांना काहीतरी सांगितलं, आणि पट्टेवाला येऊन म्हणाला, "साहेब, वही-पेन्सिल बाहेर ठेवा, आत काढायचं नाही." बसायची परवानगी होती, काढायची नव्हती.

इंग्लंडमध्ये तर हा कायदाच आहे, 1925 सालचा. कोर्टात बसून स्केच करायला बंदी, त्यामुळे तिथले कोर्ट आर्टिस्ट नुसतं बघतात, शब्दांत टिपणं घेतात आणि बाहेर येऊन आठवणीतून काढतात. मला टिपणं घ्यायचीही सोय नव्हती.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या प्रत्येकाने स्मरणचित्राचा पेपर दिलेला असतो. बसस्टॉप, भाजीबाजार, गणपती विसर्जन. पण तिथे माणूस कुठलाही चालतो, भाजीवालीचं नाक कसंय हे कोणी विचारत नाही. इथे हाच माणूस हवा होता.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण हे शिकणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल. डोळे साधारण डोक्याच्या मध्यावर असतात, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते, हे बहुतेकांचं सारखंच, ते पाठ करायची गरजच नाही. पाठ करायचं ते या माणसाचं जे या हिशोबात बसत नाही तेवढंच. पाचेक सेकंद बघायचं, मग नजर खाली फरशीकडे, आणि बोटाने मांडीवर ती रेघ ओढायची, मग परत वर बघून ताडून घ्यायचं. मी तास-दीड तास हेच करत होतो. आरोपी पोरगा तिशीच्या आतला, कपाळ अरुंद, वरचा ओठ जवळजवळ नाहीच, कान डोक्यापासून सुटलेले, आणि मान सतत डाव्या खांद्याकडे कललेली, वकील बोलत असले की आणखी कलायची. मानेची ती रेघ मी मांडीवर कितीतरी वेळा गिरवली.

सुनावणी संपली तसा बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो, कार्ट्रिज पेपर मांडीवर, 4बी पेन्सिल. आधी कोपऱ्यात छोटं अर्कचित्र काढलं, कान सुपाएवढे, मान पार खांद्यावर पडलेली. हे मी मुद्दाम करतो. आठवणीत राहतं ते वाढवलेलंच राहतं. गांधीजींचं बघा ना, कोल्हापूरच्या एका कलाकाराने स्वच्छ भारतचा लोगो केला त्यात नुसता चष्मा आहे, तरी पोरंसुद्धा ओळखतात. म्हणून आधी ते वाढवलेलं कागदावर उतरवून टाकायचं आणि मग मोठ्या चित्रात एकेक गोष्ट मागे आणायची, कान मागे, ओठ थोडा भरायचा, जोपर्यंत कोर्टात उभा असलेला माणूस समोर येत नाही तोपर्यंत. पुढाऱ्याचं नाक लांब केलं तर तो दुसऱ्या दिवशी भाषणात उत्तर देऊ शकतो. हा पोरगा कस्टडीत होता, गुन्हा सिद्ध व्हायचा होता, त्याचा चेहरा बिघडवायचा मला काही अधिकार नव्हता.

काढत असताना एक बाई बाजूला येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, त्यात डबा असावा. बराच वेळ कागदाकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "मान तशीच टाकतो तो, लहानपणापासून. डाव्या कानाने कमी ऐकू येतं ना, उजवा पुढे करतो." त्याची आई होती. मला वाटलं होतं पोरगा मग्रुरीने मान वाकडी करतोय, आणि बाजूला बसलेले दोन रिपोर्टरही तेच बोलत होते, पण तो नुसतं ऐकायचा प्रयत्न करत होता! मी रेघ बदलली नाही, ती बरोबरच होती. जाताना म्हणाल्या, "दादा, गुंडासारखा नका हां दाखवू त्याला." मी म्हटलं, "काकू, दिसला तसाच काढलाय."

ऑफिसला आल्यावर डेस्कवरून लगेच फर्माईश, डोळे जरा खुनशी कर ना, खुनाची केस आहे. मी नाही म्हटलं. वाद झाला, आवाज चढले, पण माझी सही खाली असेल तर डोळे माझेच राहतील असं मी स्पष्ट सांगितलं आणि चित्र तसंच गेलं. फक्त कॅप्शनमध्ये "सुनावणीनंतर आठवणीतून काढलेलं रेखाचित्र" असं टाका म्हटलं होतं ते जागा नाही म्हणून उडवलं. त्यावर मी अजून भांडतो. वाचकाला हे समोर बसून काढलंय की बाहेर येऊन, हे कळलंच पाहिजे, आणि पुढच्या तारखेपासून मी ती ओळ चित्राच्या आतच, सहीखाली लिहायला लागलो, तिथली कोणाला कापता येत नाही.