तुम्ही विचारलंत म्हणून : खड्याला सोन्याचा भाव नाही

आमच्या शाहूपुरीतल्या गच्चीवर रविवारी फाशांचा रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकानं एकेक पात्र चालवायचा खेळ) घेऊन बसलं की नवा गडी दोन-तीन डावांनंतर हमखास विचारतो, "दादा, स्पेलच्या डॅमेजवरचा बोनस स्नीक अटॅकच्या फाशांनाही धरायचा काय?" स्नीक अटॅक म्हणजे बेसावध शत्रूवरचा चोरटा वार, त्याचे जादा फासे मिळतात; स्पेल म्हणजे मंत्र. एकदाचं लिहूनच टाकतो.

मी दिवसभर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पेढीवर असतो, त्यामुळं उदाहरणही तिथलंच सुचतं. खड्याची अंगठी असली की पावतीवर ग्रॉस वजन वेगळं, नेट वेगळं. सोन्याचा भाव लागतो तो नेटला. खडा त्याच अंगठीत, त्याच बोटात जाणार, तरी त्याचा हिशेब निराळा. स्नीक अटॅक म्हणजे हा खडा.

आम्ही पाथफाइंडर या खेळाची पहिली, 2009ची आवृत्ती खेळायचो, खेळ मी चालवायचो. माझ्या आत्तेभावाचं पात्र आर्केन ट्रिकस्टर, म्हणजे निम्मा चोर, निम्मा जादूगार. अंगात लाल ड्रॅगनचं रक्त, म्हणून आगीच्या स्पेलला फाशामागं एक डॅमेज जादा. शत्रू बेसावध होता, तीस फुटांच्या आत होता. यानं स्कॉर्चिंग रे, म्हणजे आगीच्या किरणाचा स्पेल सोडला. स्पेलचे चार फासे, स्नीकचे तीन. सातही एकदम फेकले. एक गडगडत तुळशीच्या कुंडीमागं गेला, तो उचलून आणला, बेरीज केली आणि वर सात धरले.

मी म्हटलं, "चार."

"आगच की रं ती पण!"

आगच, मान्य. स्नीकचं डॅमेज स्पेलच्याच जातीचं धरतात. पण ते तीन फासे स्पेलनं दिलेले नाहीत, त्याच्या चोरीच्या विद्येनं दिलेत. बोनस मात्र ड्रॅगनचा, तो स्पेलपुरताच. पुढं सातव्या कास्टर लेव्हलला (जादूगारीच्या पायरीला) एकाच वेळी दोन किरण सुटायला लागले, तेव्हाही स्नीक एकालाच दिला. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मीच सात धरत होतो आणि माझे खलनायक दुसऱ्या फेरीत गार व्हायचे.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या तसल्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (2014) हा वाद बहुतेक मिटतोच. तिथं रोगला, म्हणजे चोराच्या पात्राला (आईनं एकदा खालून काळजीनं विचारलं होतं, "कुणाला रोग झालाय रे?") स्नीक अटॅकसाठी फिनेस (चपळाईनं चालवायचं) किंवा लांबून मारायचं शस्त्र लागतं. फायर बोल्ट हा स्पेल नेम धरून मारला तरी ते शस्त्र नव्हे. अपवाद बूमिंग ब्लेडचा, कारण त्या स्पेलच्या पोटात खराखुरा तलवारीचा वार आहे. पाचव्या लेव्हलला रेपियर तलवारीचा एक डी-एट (आठ बाजूंचा फासा), गडगडाटाचा एक डी-एट, स्नीकचे तीन डी-सिक्स (सहा बाजूंचे), असं सगळं एका वारात बसतं. क्रिट (वर्मी घाव) लागला तर हे सगळे फासे दुप्पट. मात्र शत्रू नंतर आपणहून हलला तर जे दोन डी-एट लागतात, ते दुप्पट नाहीत. तो वार केव्हाच होऊन गेलेला असतो. 2024च्या नियमांत ट्रू स्ट्राइक हा स्पेलही शस्त्रानंच मारायचा, म्हणून तोही चालतो.

आत्तेभाऊ अजून सातच म्हणतो. परवा पेढीवर आला होता, वहिनींसाठी पुष्कराजाची अंगठी घ्यायला. खड्याचं वजन वजा केलंय ना, हे त्यानं दोनदा विचारलं.