साठच्या स्पीडला झटका

"मिस्त्री, साठला झटका मारती. चाळीसला नाही, ऐंशीला नाही. बरोबर साठला."

गुरुजींची तक्रार एवढीच होती. लातूरहून औशाच्या पुढं शाळा, रोजचं जाणं-येणं, गाडी जुनी पेट्रोल, केबलवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, ओढणारी. माझ्याकडं येण्याआधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये प्लग, प्लगच्या वायरी आणि फ्युएल पंप बदलून झाला होता, इंजेक्टरही साफ केले होते. तिथल्या पोरांनी गाडी शंभरपर्यंत दामटली, झटका आला नाही. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. मग सांगून टाकलं, गुरुजी, तुम्हाला भास होतोय. स्कॅनर गप्प असला की गिऱ्हाईक खोटं आणि पार्ट बदलत सुटायचं, अशी रीतच पडलीय आता.

मी गुरुजींनाच चालवायला बसवलं. त्यांचा पाय एकदा ठरला की हलत नाही. औशापर्यंत काटा साठवरच. मे महिन्याचं ऊन, इंजिन चांगलं तापलं आणि परत येताना मागून कुणी पदर धरून ओढावा तशी गाडी आखडली. लगेच सुटली. पुन्हा तेच.

पंप कमजोर असता तर बोंब आधी शंभरला झाली असती. प्लग-वायरीचं मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकणं, चढाला, लोडवर जास्त जाणवतं. हे दुखणं पायाच्या एकाच जागेला चिकटलेलं होतं, म्हणून माझा संशय थ्रॉटल किती उघडलाय ते गाडीच्या कंप्युटरला सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे आमच्या टीपीएसवर गेला.

त्याला तीन वायरी. एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, तिसरी सिग्नलची. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडला की साडेचारच्या आसपास, आणि मधे सरळ चढत जायला पाहिजे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मी हातानं थ्रॉटल हळूहळू उघडला. डिजिटल मीटरवर सगळं झकास. स्कॅनरच्या लाईव्ह डेटातही झकास. पण या जुन्या गाड्यांचा डेटा स्कॅनरवर सावकाश येतो; क्षणभराची खोट दोन आकड्यांच्या मधून निसटून जाते.

मग जुनं काट्याचं मीटर काढलं, क्षणभराची खोट काट्यावर दिसते. आमचं पोरगं हसलं. कपलरच्या मागून सिग्नलच्या वायरीत बारीक पिन घातली आणि मीटरच्या वायरी बॉनेटच्या फटीतून काचेवरून आत घेतल्या. ५ व्होल्टच्या वायरीवर दुसरं मीटर. कारण ते ५ व्होल्टच पडत असतील किंवा अर्थ सुटत असेल, तर सेन्सर बदलून काय उपयोग? पुन्हा औसा रोड, गुरुजी स्टिअरिंगवर, दोन्ही मीटर माझ्या मांडीवर. काटा सव्वा व्होल्टजवळ स्थिर होता. झटका आला त्याच क्षणी तो खाली फडफडला. शेजारचे ५ व्होल्ट जागचे हलले नाहीत. गॅरेजला आल्यावर वायरिंग हलवून, अर्थ तपासून बघितला, दोन्ही ठीक.

सिग्नल खाली पडला की कंप्युटरला वाटतं, ड्रायव्हरनं पाय काढला. तो पेट्रोल तोडतो, लगेच परत देतो. तोच झटका. व्होल्टेज मर्यादेच्या आतच आणि क्षणभरच पडत होतं, म्हणून कोडही नाही अन् चेक लाईटही नाही.

नवा सेन्सर टाकला, बंद थ्रॉटलचं व्होल्टेज तपासलं, झटका गेला. जुना फोडून बघितला तर आतल्या काळ्या पट्टीवर सुरुवातीच्या भागातच एक चकचकीत खरड, बाकी पट्टी नव्यासारखी. माझा अंदाज, वर्षानुवर्षं पाय एकाच जागी, वर इंजिनची थरथर, त्यामुळं पट्टीवरून सरकणारं आतलं पातं तिथंच घासत राहिलं. पण मग असे किती तरी लोक एका लयीत चालवतात, त्यांच्या गाड्या का येत नाहीत? आणि तापल्यावरच का? प्लॅस्टिक फुगून पात्याचा दाब सुटत असेल, पण खात्रीनं नाही सांगता येत.

गुरुजी म्हणाले, "पंपाचे पैसे मागू का त्यांना?" मी बिलावर फक्त मीटरचं रीडिंग आणि बदललेला पार्ट लिहिला. दोन दिवसांत तिथल्या सुपरवायझरचा फोन, "भाऊ, एवढं लिहून द्यायची काय गरज होती?" म्हटलं, त्यात तुमचं नाव कुठंय? पैसे काही मिळाले नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगला मजुरी माफ करतो म्हणाले. गुरुजी तिकडं फिरकणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे.