फॅनलेस पीसी: आडवा शहाणा, उभा वेडा

मंडळी, माझ्या बिनपंख्याच्या पीसीतला ५६००जी (एएमडीचा प्रोसेसर) कॅबिनेट टेबलावर आडवं असताना ७० अंशांच्या आसपास निवांत चालतो, असं मागच्या अपडेटमध्ये कौतुकाने लिहिलं होतं. आता कॅबिनेट उभं करून सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी टेस्ट) लावला, तर थोड्याच वेळात ९५. या चिपची मर्यादाच ती. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, धडाधड खाली.

पहिला संशय प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या ब्लॉकमधल्या थर्मल पेस्टवर. उघडून बघितलं तर ठसा चारही कोपऱ्यांपर्यंत नीट. मग हात लावून बघितला आणि खरी गोम कळली: ब्लॉकजवळ हीट पाइप (उष्णता वाहून नेणारी बंद नळी) चटका देतोय आणि बाजूच्या फिन्स, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पट्ट्या, गारच!

रॅम आणि व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणारा भाग) मध्ये येतात म्हणून पाइप खाली वळवून फिन्सना जोडलेत. पाइपातलं पाणी सीपीयूपाशी वाफ होऊन फिन्सकडे जातं. म्हणजे कॅबिनेट उभं असताना त्या वाफेचं परत पाणी खालच्या टोकाला होतं आणि ते वर सीपीयूपर्यंत चढवायचं काम आतल्या विकचं, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या अस्तराचं. सिंटर्ड पाइपमध्ये तांब्याच्या भुकटीचा थर असतो, त्याला ही चढण बऱ्यापैकी झेपते. आतून नुसत्या खाचा असलेल्या ग्रूव्ह्डची दमछाक होते. शिल्लक राहिलेला पाइप हॅक्सॉने कापला. भुकटीचा कण नाही, नुसत्या बारीक लांब खाचा! बिलावर मात्र ठसठशीत ‘सिंटर्ड’. विक्रेत्याला फोटो पाठवलाय. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तेव्हा पाइप मागवताना एक जास्तीचा घ्या आणि कापून बघाच. टोक गरम पाण्यात बुडवायच्या टेस्टवर विसंबू नका, तिथे गरम टोक खाली असतं, ग्रूव्ह्डही झोकात पास होतो.

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्या काकांना मात्र शंभर मार्क. ब्लॉकमध्ये पाइप बसवायला ६ मिमीच्या खाचा अशा काढल्यात की पाइप अंगठ्याने दाबला तरी बसतो. ऑनलाइन रेडीमेड ब्लॉकच्या नादी लागू नका.

नवे सिंटर्ड पाइप आणून १३८ अंशांना वितळणाऱ्या टिन-बिस्मथने सोल्डर करायचे, असा बेत होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, कॅबिनेटच उलटं केलं तर? केलं. फिन्स वर, सीपीयू खाली, पाणी आपोआप परत. ठाण्याची ऑक्टोबर हीट, एसी बंद, तरी सिनेबेंचला ७४ वर स्थिर!

तर सोल्डरिंग लांबणीवर. आधी रबरी पाय वरच्या पत्र्याला लावतो. पॉवर बटण तळाशी गेलंय, त्यासाठी लांब वायरचं बटण कुणाकडे पडून असेल तर कळवा.